रविवारची चित्रं

माझी मावशी गालिच्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं चौकोन रंगवत होती. ऐकायला विचित्र वाटतं, पण काम खरोखर तेवढंच होतं. गालिचा विणायच्या आधी त्याची नक्षी बारीक चौकोनांच्या कागदावर रंगवतात. एक चौकोन म्हणजे एक गाठ. विणकर त्या कागदाकडे बघत गाठी मारत जातो. खिडकीलगतच्या लांब टेबलावर सहा बायका बसायच्या, आणि त्यांत मावशीचा हात सगळ्यात स्थिर. तिचं लग्न झालं नाही. का झालं नाही, याची आमच्या घरात तीन कारणं सांगतात आणि तिन्ही मामानं शोधलेली आहेत. मामा म्हणजे तिचा थोरला भाऊ. ती त्याच्याच घरी राहायची.

कारखान्यासमोर एक रेडिओचं दुकान होतं. मालकाला सगळे रेडिओवालेच म्हणत. घरगुती कॉम्प्युटर नुकते निघाले होते, तेव्हा या गृहस्थांनी हौसेनं चार आणून ठेवले. बटणांची एक चपटी पेटी, ती टीव्हीला जोडायची, आणि प्रोग्रॅम यायचा टेपरेकॉर्डरमधल्या कॅसेटवरून. कॅसेट पाच मिनिटं किर्र किर्र ओरडायची आणि मग पडद्यावर उमटायचे आकडे. आकडे बघायला रस्त्यावरचं कोण थांबणार? काचेमागे हलती चित्रं दिसली पाहिजेत, असं रेडिओवाल्यांनी मनावर घेतलं. डेमोच्या कॅसेटसाठी त्यांनी चार ठिकाणी पत्रं लिहिली, ओळखीपाळखीत विचारलं, तीन कॅसेट मिळवल्याही. त्या निघाल्या दुसऱ्याच जातीच्या यंत्रासाठी. यांच्या पडद्यावर नुसते रंगांचे शिंतोडे.

तेव्हा त्यांनी गणिताच्या मास्तरांना गळ घातली. मास्तर जवळच्या शाळेत शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी दुकानातल्या कॉम्प्युटरवर येऊन बसायचे. प्रोग्रॅम लिहिण्यात तरबेज, चित्रकलेत ढ. त्यांनी मोठ्या कष्टानं एक घोडा पळवून दाखवला.

"मास्तर, हे स्टूल छान चालतंय," रेडिओवाले म्हणाले.

मावशी त्याच वेळी टॉर्चचे सेल घ्यायला आत आली होती. मास्तरांसमोर चौकोनांचा कागद पाहून ती थबकली.

"चौकोनात रंगच भरायचे ना?" ती म्हणाली. "ते तर मी पोटासाठी करते."

"नुसते भरून चालत नाही, ताई. हे बघा, आठ बाय आठ चौकोनांचं एक घर. एका घरात दोनच रंग. तिसरा घातला की सगळं घर नासतं."

"आमचा विणकरही असाच आहे," मावशी म्हणाली. "सारखा ओरडत असतो, रंग कमी करा म्हणून."

पुढच्या रविवारी ती घोड्याची आठ चित्रं घेऊन आली. पोटाची कड बरोबर घराच्या रेघेवर बसवलेली, म्हणजे रंग कुठे सांडायला नको. मागचा पाय तिला पटेना, तो तिनं दोनदा बदलला. मास्तरांनी एकेक चौकोन मोजून आकड्यांत उतरवला. संध्याकाळी घोडा पळाला, आणि फुटपाथवरून जाणारा एक माणूस हातातली पिशवी खाली ठेवून काचेसमोर उभा राहिला. मावशीनं मला हे सांगितलं तेव्हा त्या पिशवीचा रंगही सांगितला.

असे दीड वर्षाचे रविवार गेले. दुकानाच्या मागच्या खोलीत दोघं बसायची. दार उघडं, रेडिओवाले ये-जा करत. घोड्यानंतर मेणबत्ती झाली, कारंजं झालं, वेणी घालणारी बाई झाली. एकूण सहा. सातवी होती चादर वाळत घालणारी बाई. ती चादर दोरीवर टाकते, वारा येतो, चादर फुगते, बाई तिच्यामागे दिसेनाशी होते आणि पुन्हा दिसते. बारा चित्रं लागणार होती. चार झाली.

तेवढ्यात कारखान्यातल्या कुणीतरी मामाच्या कानावर घातलं. मास्तर बायको-मुलाचे धनी होते.

"मी चित्रं काढते रे, दादा," मावशी म्हणाली.

"ते मला कळतं. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?"

"लावू नकोस. बोलू देत."

"माझ्या घरात राहतेस," मामा म्हणाला.

विषय संपला. मावशी दुकानाची पायरी पुन्हा चढली नाही. निरोपही पाठवला नाही. पाठवला असता तर त्याचंही काहीतरी झालं असतं. काही महिने कारखान्याच्या खिडकीतून समोरच्या काचेत घोडा पळताना दिसायचा. मग टीव्हीची जागा बदलली.

आठेक वर्षांनी कारखान्यातच कॉम्प्युटर आले आणि नक्षी पडद्यावर व्हायला लागली. सहाही बायकांना घरी पाठवलं. "मला पडद्यावरचं काम येतं," असं मावशीनं मॅनेजरला सांगून पाहिलं. तो हसला. ती घरी आली आणि मामाच्या मुलांचं करण्यात तिची पुढची वर्षं गेली.

यातलं अक्षरही मला माहीत नव्हतं. मामा गेल्यावर मावशी आमच्याकडे राहायला आली, तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची होती. एका दुपारी मी फोनवर कुणाचा तरी व्हिडिओ बघत होते. जुने कॉम्प्युटर आणि त्यांवरची ठोकळ्या-ठोकळ्यांची हलती चित्रं. मावशी वाटाणे सोलत होती. ती वाकून म्हणाली, "अशी मीही केली होती."

"काय केली होतीस?"

मग तिनं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाली, "एकदा बघायला मिळाली असती, तर बरं झालं असतं."

मी मागे लागले. रेडिओच्या दुकानात आता चष्मे विकतात. रेडिओवाले नव्वदीला टेकलेले, कानांनी अधू, मी ओरडून विचारलं तेव्हा म्हणाले, "कॅसेट ना? सगळ्या मास्तरांनी नेल्या." मास्तर सहा वर्षांपूर्वी वारले होते. त्यांच्या बायकोचा पत्ता शाळेतून मिळाला.

तिसरा मजला. जिन्यात मावशी दोनदा थांबली. दार उघडलं ते एका ताठ, नीटनेटक्या बाईंनी. मी सांगितलं की आम्ही मास्तरांच्या जुन्या डेमोंच्या शोधात आहोत, तसा त्यांचा चेहरा उजळला. भिंतीवर एक छापील पान फ्रेम करून लावलेलं होतं. परगावच्या एका संग्राहकानं त्या कॅसेट नेऊन त्यांतली चित्रं इंटरनेटवर चढवली होती. तिथलंच हे पान. त्यावर मास्तरांचं नाव, खाली ओळ: चित्रं आणि प्रोग्रॅम.

"जगभरातून लोक बघतात," बाई म्हणाल्या. त्यांनी टॅब्लेट आणला आणि अगदी सरावानं बोट ठेवलं. घोडा पळाला.

मावशी पुढे झुकली. "मागचा पाय," ती म्हणाली, "दोनदा बदलला होता मी."

बाईंनी मान वळवली.

"तुम्ही?"

"चित्रं माझी आहेत. पडद्यावर घोडा पळवला त्यांनी."

खोलीत घोडा तेवढा पळत होता. बाई म्हणाल्या, "म्हणजे रविवारच्या त्या तुम्ही."

"दुकानात असायचो आम्ही. रेडिओवाले असायचे."

"पोराला ताप होता, तेव्हाही गेले होते ते. मी विचारायचे, कोण असतं तिथं? म्हणायचे, कुणी नाही, मी आणि यंत्र."

मावशीचा चेहरा उतरला. तिला दुसरं काहीही चाललं असतं.

"नाव नाही घेतलं माझं? कधीच?"

"कधीच नाही."

"लपवण्यासारखं काही नव्हतं हो," मावशी म्हणाली. "मग लपवलं कशाला?"

"मीही त्यांना हेच विचारलं असतं," बाई म्हणाल्या, "आज असते तर." त्यांनी टॅब्लेटचं झाकण मिटलं. बाकीची पाच चित्रं आम्ही मागितली नाहीत, त्यांनी दाखवली नाहीत. आमच्यापुढे ठेवलेलं पाणीसुद्धा तसंच राहिलं.

खाली येताना मावशी कठड्याला धरून म्हणाली, "मी बोलायला नको होतं."

"का नको? खरं तेच बोललीस."

"तिच्या भिंतीवर लावलंय गं ते."

पण मी पेटले होते. संग्राहकाला मीच कळवलं. मावशीला विचारलंही नाही. त्याचं उत्तर सभ्य होतं: काही पुरावा आहे का? एखादा कागद, एखादी सही? कागद होते, पण मामाच्या घराला रंग दिला तेव्हा मामीनं ते फडताळात अंथरले आणि पुढे रद्दीत गेले. संग्राहकानं मास्तरांच्या घरी फोन केला. बाई म्हणाल्या, मला काही माहीत नाही. त्या बिचाऱ्यानं आपल्या परीनं न्याय केला. प्रोग्रॅमपुढे मास्तरांचं नाव ठेवलं आणि चित्रांपुढे लिहिलं, अज्ञात.

हात दाखवून अवलक्षण ते हेच. मावशीला काही मिळालं नाही, आणि त्या बाईंच्या भिंतीवरचं पान खोटं ठरलं. त्यांच्या मुलाचा मला फोन आला. तो ओरडला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. "आई ती फ्रेम काढून ठेव म्हणते," एवढंच तो म्हणाला.

संग्राहकानं मात्र एक गोष्ट पाठवली. एका कॅसेटच्या शेवटी आणखी एक अर्धवट डेमो होता, त्यानं तो कुठे चढवला नव्हता. मी मावशीला खुर्चीत बसवलं आणि लावला. बाई आली, तिनं चादर झटकली, दोरीवर टाकली. चार चित्रं, सुंदर. पाचव्यापासून सगळं बिघडलं. चादर फळीसारखी ताठ, बाईचे हात काठ्यांसारखे, एका घरात तीन रंग घुसून डाग पडलेले. तरी बाई चादरीमागे गेली आणि पुन्हा बाहेर आली. बाराही चित्रं होती.

"हे त्यांनी एकट्यानं काढलंय," मावशी म्हणाली. तिनं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणखी एकदा पाहिलं. "बंद कर."

त्या आठवड्यात तिनं मास्तरांच्या बायकोला चार ओळींचं पत्र लिहिलं. मला दाखवलं नाही, स्वतः जाऊन पेटीत टाकलं. उत्तर आलं नाही. महिनाभर ती पोस्टमनच्या वेळेला दारात उभी असायची, मग तेही थांबलं. मी चौकोनांची वही आणि रंग आणून दिले. ते तिनं शेजारच्या मुलीला देऊन टाकले. घोडा बघूया का, असं मी दोन-तीनदा विचारलं. "नको," म्हणायची, "डोळे दुखतात."

पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त होऊन ती गेली. तिच्या फोन नंबरांच्या वहीत मास्तरांच्या घरचा नंबर होता, तो तिसऱ्या दिवशी मी लावला. मास्तरांच्या बायकोनंच उचलला. मी कोण ते सांगितलं, मावशी गेल्याचं सांगितलं.

"बरं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, फोन ठेवला. पण मागून कुकरची शिट्टी ऐकू आली.

"फार दिवस आजारी होत्या का?" त्यांनी विचारलं.

"नाही. नऊ दिवस."

"कोण होतं जवळ?"

"मी होते."

"बरं," त्या पुन्हा म्हणाल्या, आणि या वेळी फोन ठेवला.