चीज न चाखणारी मुलगी

माझ्या हातचं बकरीचं चीज दिल्लीतली बडी माणसं मागून मागून खातात. शाळा मी चौथीत सोडली, पण दूध बिघडलं की नुसत्या वासावरून सांगतो. अन्नतपासणीच्या कामावर असलेली, आर. के. पुरमला राहणारी एक मराठी मुलगी दर महिन्याला दिल्लीच्या कडेला नजफगडला आमच्या गोठ्यावर येते, दोनदा हात धुते आणि चीजचा तुकडा डबीत घालून लॅबमध्ये तपासायला नेते. बकऱ्यांशी हिंदीत बोलते, माझ्याशी अर्ध्या मराठीत. जरा चाखून बघ म्हटलं की म्हणायची, "आज नको, काका." मला ते लागायचं.

एकदा डबी न घेताच आली आणि माझ्या शेजारी खाटेवर बसली.

"काका, बिल्कुल गुस्सा करू नका. चीजमध्ये जंतू निघाले. औषधाला दाद न देणारे. बकरी जरा खोकली की तुम्ही स्वतःच इंजेक्शन टोचता ना? त्यानंच होतं हे."

"मग काय, मरू देऊ?"

"जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. आणि दूध तापवून घ्या."

"तू मला चीज शिकवणार?"

ती हसली, पण मी हो म्हणेपर्यंत उठली नाही. माझ्याहून हट्टी माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

तयार चीज मी सगळं खड्ड्यात पुरलं. आता दूध तापवतो, इंजेक्शन डॉक्टरच देतो. ती म्हणाली म्हणून नाही, मला पटलं म्हणून.

परवा ती नव्या चीजचा रिपोर्ट घेऊन आली. "साफ आहे, काका." मग तिनं दोनदा हात धुतले. "चलो, आता द्या."

मी चांगला मोठा तुकडा कापला. तिनं तो सगळा खाल्ला, बोटंसुद्धा चाटली.

"मीठ थोडं कमी आहे, काका."

मीठ अगदी बरोबर होतं.