तात्यांच्या लिफाफ्यांवरची तिकिटं

आज सकाळी माझ्या आईच्या फोटोखाली 'मिस यू ताई' लिहिणारा मामा तिच्या अंत्यविधीला आला नव्हता.

पोस्टवर लाइक्सचा पाऊस पडलाय.

आज तिचं वर्षश्राद्ध. म्हणून मीही लिहितेय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. घरोघरी केबल आलेली. मामाच्या तोंडी उठता-बसता शेअर्स. आणि आमच्या हैदराबादच्या हिमायतनगरमधल्या घरात आईने चाळिशी उलटल्यावर पोस्टाची तिकिटं जमवायला घेतली.

तात्या, म्हणजे तिचे वडील, निजामाच्या नोकरीत होते. बदली होईल त्या गावाहून आजीला पत्रं लिहायचे. पत्रं केव्हाच गहाळ झाली, रिकामे लिफाफे तेवढे उरले. तात्या गेल्यावर मामाने घर आवरलं.

"रद्दी आहे ताई. हवी तर ने."

तिने नेली.

तात्यांनी शिकवलेलं उर्दू तिला येत होतं. भिंग घेऊन खिडकीत बसायची. तिकिटावरची अक्षरं वाचायची, कडेचे दाते बघायची, शिक्क्यातलं गाव लावायची. गाव लागलं की स्वयंपाकघरात येऊन मला सांगायची, जणू तिथे जाऊनच आली.

चारमिनारचं एक आण्याचं तिकीट तिला फार मोलाचं वाटलं होतं. नामपल्लीला दरवर्षी भरणाऱ्या प्रदर्शनात, नुमाइशीत, एका जुनी तिकिटं विकणाऱ्याला दाखवलं, तर तो हसला.

"अम्मा, ये तो घर घर में मिलता. पुराना है बोले तो महँगा नै होता."

तिचा चेहरा पडला. मग त्याने लिफाफा उलटसुलट पाहिला.

"लेकिन ये ठप्पा छोटे गाँव का है, साफ है. इसकी किम्मत है. लिफाफे पे से निकालो नक्को. पूरा रहा तो इच किम्मत."

घरी येताना रिक्षात आई नुसती हसत होती.

तिने ते मामाला सांगितलं. आनंदाने सांगितलं. आपल्या भावाला नाही सांगायचं तर कुणाला?

तोवर मामाचे शेअर्स बुडाले होते.

"वडिलांची वस्तू आहे ताई. माझाही हक्क आहे."

"हौ, आहे ना. पण विकायचं नाही रे."

नंतर आई नात्यातल्या एका लग्नासाठी परभणीला गेली, तेव्हा तो येऊन सगळे लिफाफे घेऊन गेला. बाबांना म्हणाला, "ताईशी बोलणं झालंय."

झालं नव्हतं.

त्याने घरी बादलीत गरम पाणी घेतलं आणि सगळे लिफाफे त्यात बुडवले. तिकिटं सुटी केली. काही फाटली, काहींचा रंग गेला. शिक्के अर्धे तिकिटावर, अर्धे लिफाफ्यावर. बाजारात कुणी हात लावला नाही.

मग एका प्लास्टिकच्या पिशवीत भरून आणून दिली.

"घे. काही मिळत नाही याचं. उगाच सगळ्यांना परेशान केलंस."

आईने पिशवीत पाहिलं.

"लिफाफे कुठे आहेत?"

"फेकले. लगदा झाला होता. तिकिटं आहेत ना सगळी?"

"त्याच्यावर तात्यांचं अक्षर होतं रे."

एवढंच म्हणाली. तो चहा पिऊन गेला. हो, तिने चहा केला.

त्या दिवसानंतर तिने एकही तिकीट हातात घेतलं नाही. मामाने मात्र नातेवाइकांत सांगितलं की ताईने वडिलांची इस्टेट एकटीने दाबून ठेवली होती. लोकांनी खरं मानलं. आईने कुणाला काही समजावलं नाही, आणि मामा पुन्हा आमच्या घरी आला नाही. राखी ती दरवर्षी पोस्टाने पाठवायची.

शेवटच्या आजारात रोज विचारायची, "त्याला कळवलंस ना?"

कळवलं होतं आई. दोनदा कळवलं.

तू त्याला माफ केलंस, तो तुझा स्वभाव.

माझ्याच्याने होत नाही. होईल असं वाटतही नाही.

तू शांत राहा. तुला माझा नमस्कार.