दोन वेगांच्या मेमरीवर तात्याबांचा आवाज

ज्या हातांनी रांजणगावच्या कारखान्यात पाळ्या केल्या, त्याच हातांनी अनिताने दौंडच्या स्टेशनाजवळ संगणक जोडण्याचे दुकान थाटले. कामाआधी ती क्षणभर डोळे मिटी, मग पेचकस उचली. देवाने तिला बोटे दिली नाजूक आणि मन दिले खंबीर.

२००३ च्या उन्हाळ्यात तिला कासुर्डीच्या भजनी मंडळाने बोलावले. विणेकरी तात्याबांच्या घशात गाठ निघाली होती. सोमवारी पुण्यात शस्त्रक्रिया. पुढे आवाज राहणार नाही, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलेले. तो आवाज जपून ठेवायला मंदिरात संगणक हवा होता. मंदिराची एकेक पायरी जशी एकेका घराने दिली, तसाच संगणकाचा एकेक भागही दिला गेला. भाग आले भक्तीने. पण एकमेकांना विचारून कोणी आणले नाहीत.

मेमरीच्या पट्ट्या आल्या दोन. सोसायटीचे चेअरमन पोपटराव यांची कोरी करकरीत, चारशे वेगाची. गिरणी चालवणाऱ्या वच्छलाबाईंची दोनशे सहासष्टची.

"आप्पा, दोन्ही बसवल्या तर तुमचीबी या हळू पट्टीच्याच वेगानं चालंल," अनिता पोपटरावांना म्हणाली.

"म्हंजी माझा घोडा हिच्या गाढवासंगं जुंपायचा व्हय? काढ ती!"

"काढ बाई," वच्छलाबाई पदर सावरत म्हणाल्या. "माझ्यापायी तात्यांचं अडायला नको."

अनिताने ती काढून ठेवली. तात्याबांनी वीणा घेतली, भजन आळवले. पण रेकॉर्डिंग लावून पाहावे, तर चरणाच्या मधले शब्दच गळालेले! पुन्हा गाऊन घेतले, पुन्हा तसेच. तात्याबांनी कोमट पाण्याचा घोट घेतला.

"आता एकदाच जमंल, पोरी."

आणि मग अनिताच्या ध्यानात आले. पोपटरावांच्या पट्टीला वेग होता, साठवायला जागा नव्हती. ती भरून जाई, उरलेले काम हार्ड डिस्ककडे धावे आणि तेवढ्यात शब्द निसटे. तिने वच्छलाबाईंची पट्टी उचलली.

"आप्पा, वेग उतरंल. पर गाण्याला जागा लागती, वेग न्हाई."

पोपटराव तात्याबांच्या गळ्याकडे पाहत राहिले.

"बसव," ते म्हणाले. "आन् तो पंखा बंद करा रं, खडखडतोय कवाचा!"

तात्याबा गायले. उरलेसुरले सारे बळ त्यांनी त्या भजनात ओतले. एक अक्षर गळाले नाही, एक स्वर तुटला नाही.

शस्त्रक्रियेनंतर तात्याबा पहिल्यांदा मंदिरात आले, त्या संध्याकाळी वीणा गळ्यात घ्यायला कोणी पुढे होईना. तेव्हा त्यांनीच ती घेतली, देवासमोर उभे राहिले आणि अनिताला मानेने खूण केली. संगणकातून त्यांचाच आवाज उठला. ओठ मिटलेले, बोटे तारेवर. आणि त्या आवाजामागे पोपटरावांचा टाळ वाजू लागला, हळूच, ठेका धरून.