परतीची लिंक

नवऱ्याचं वर्षश्राद्ध झालं त्याच संध्याकाळी लेकीने विषय काढला. ती पुण्याला असते आणि लोकांच्या वेबसाइट शोधात वर आणायचं काम करते. हे काम म्हणजे नक्की काय, ते मला तोवर माहीत नव्हतं. कोणी विचारलं तर ‘कंप्युटरवर आहे’ असं सांगून मी मोकळी व्हायची. भांडी आवरता आवरता ती म्हणाली, "आई, तू हय एकटी रवतंस, माका झोप लागत नाय. घराक कुलूप घाल आणि चल माझ्या वांगडा."

"आणि तू गणपतीक येशीत ती खंय?" मी म्हटलं. "कुलूप बघूक?"

ती रडली, मी चिडले. मला रडू आलं की मी चिडतेच. शेवटी आमच्यात तह झाला. नवरा असताना आम्ही खाडीकडच्या खोलीत पाहुणे ठेवत असू. तो जहाजावरून निवृत्त झालेला माणूस, मालवणच्या जेटीवर उभा राहून कुणाशीही गप्पा मारायचा आणि दोन-चार जणांना जेवायला घेऊनच घरी यायचा. तो गेला आणि पाहुणेही बंद झाले. आता ठरलं ते असं : लेक मला वेबसाइट करून देणार. पुढच्या मे महिन्यापर्यंत घरात माणसांची ये-जा नीट सुरू झाली तर मी इथेच राहायचं. नाही झाली तर कुलूप, आणि मी पुण्याला. खाडीकडची एक खोली पुरणार नाही म्हणून तिने आपली खोलीही देऊन टाकली. शाळेपासून ती तिथेच झोपायची. "मी काय, वर्षातसून दोनदा येतलंय," ती म्हणाली.

वेबसाइट झाली, आणि तिच्यात मजकूर कसा घालायचा-काढायचा तेही लेकीने मला शिकवलं. माझा फोटो त्यात मी उसनी आणल्यासारखा आला आहे, पण घर छान दिसतं. मी रोज सकाळी चहा ठेवला की फोनवर आमच्या गावाचं नाव आणि पुढे ‘घरगुती जेवण’ असं घालून शोधायची. आठवड्याभरात आमचं घर पहिलं यायला लागलं. मी आनंदाने लेकीला फोन केला.

"तुझ्या फोनवर पहिलाच येतला गो," ती म्हणाली. "तू रोज उघडतंस ना. फोनातल्या शोधणाऱ्याक वाटता, हिका ह्याच व्हया."

"मग पुण्यात?"

"पुण्यात खूप मागे."

म्हणजे एकच घर माझ्या फोनमध्ये पहिलं आणि पुण्यात शेवटून कुठेतरी. नकाशावर ते हललं नव्हतं, खाडी होती तिथेच होती. मी फोन पदराला पुसून पुन्हा शोधलं. पहिलंच आलं. यातलं खरं कुठलं हे मला आजही कोणी समजावून दिलेलं नाही.

मग तिने बॅकलिंकची गोष्ट काढली. बॅक म्हणजे मागचं, एवढं इंग्रजी मला येतं. तेव्हा मी धरून चालले की हा मागच्या दाराचा वशिला. ती वैतागली. "वशिलो न्हय गो. शिफारस. दुसऱ्यांच्या वेबसाइटवर तुझा नाव आणि तुझ्याकडे येणारी वाट असूक व्हयी. आपणच आपल्याक चांगला म्हटल्यान तर कोण इस्वास ठेवता?"

हे मात्र मला लगेच पटलं. आमच्याकडे मुलगी बघायला आले तर मुलीची आई काही बोलत नाही, शेजारीण बोलते. पुढे तिने सांगितलं की दुसऱ्याच्या पानावर ज्या शब्दांवर ती वाट टांगलेली असते, त्या शब्दांना अँकर म्हणतात. अँकर म्हणजे नांगर. जन्म नांगराशी काढलेल्या माणसाची मी बायको. नांगर पाण्याखाली असतो, दिसला तर होडी सुटलेली असते. हा म्हणे वर दिसला तरच उपयोगाचा. मी नुसतं ‘हां’ म्हटलं.

माझ्या हातात काय होतं? ओळखी होत्या. माझं माहेर आरोंद्याचं. तिथे माझी बालमैत्रीण खाडीच्या काठावर पाहुणे ठेवते. आजकाल वेबसाइट सगळ्यांचीच आहे, विहीर असो नसो. तिला फोन केला, तिच्या पानावर माझं नाव लागलं. वेंगुर्ल्याच्या काजूवाल्या बाईंनी लावलं. आंबोलीला घाटात ज्यांचं हॉटेल आहे त्यांनीही लावलं. पोटात चहा नि भजी घालून पुढच्या माणसाला ‘खाली मालवणात जाताय तर ह्यांच्याकडे उतरा’ असं ते एरवीही सांगायचेच.

आता इथे माझं काय चुकलं ते सांगते, आणि ही चूक आहे हे मला अजूनही पुरतं मान्य नाही. आमच्याकडे शेजारणीने वाटीतून काही पाठवलं तर वाटी रिकामी परत जात नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर जाते, परसातल्या दोन मिरच्या जातात. रिकामी वाटी पाठवणं म्हणजे ‘तुझं खाल्लं आणि तोंड पुसलं’ असं सांगणं. तेव्हा आरोंद्याच्या मैत्रिणीने माझं नाव लावलं त्याच दिवशी मी तिचं नाव माझ्या वेबसाइटवर लावलं. मग काजूवाल्या बाईंचं. मग आंबोलीकरांचं. हे तीनच का, बाकीच्यांनी काय घोडं मारलंय, म्हणून मी ‘आमची माणसं’ असं एक अख्खं पानच केलं. त्यावर वायरमन आला, रिक्षावाला आला, कुडाळचे एक ज्योतिषी आले. ज्यांचं नाव घातलं त्यांनीही रीत म्हणून माझं नाव आपल्याकडे घातलं. मी रोज कुणाची ना कुणाची वाटी भरून धाडत होते, आणि मला वाटत होतं, आता पुण्यात आपण पहिल्या पानावर.

पुण्यात आम्ही होतो त्याच्याही मागे गेलो.

लेकीने रविवारी माझं पान उघडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. तो आवाज फोनवर ऐकू आला. "आई, ह्या काय करून ठेवलंस? ज्योतिषाची लिंक कित्याक?"

"त्याणी आपली दिली."

"हेच नको होता! दोघांनी एकमेकांक लिंक दिली की शोधणाऱ्याक वाटता, ह्यांनी ठरवून केल्यानी."

"ठरवूनच केलंय," मी म्हटलं. "न ठरवता कोण कोणाचा करता?"

तिने मला समजावलं. एखाद-दुसरी चालते, पण अशी रांग लावली की तो शोधणारा म्हणतो, ही खरी शिफारस नव्हे, देवाणघेवाण आहे. चांगली लिंक म्हणजे जी समोरच्याने आपणहून दिली, ज्याच्या पानाला लोकांत मान आहे आणि ज्याचा विषय आपल्या विषयाशी जुळतो. ज्योतिष आणि माशाचं जेवण यांचा संबंध नाही. मी म्हटलं, संबंध कसा नाही, तो दर बुधवारी जेवायला असतो. तिने फोन ठेवला. थोड्या वेळाने परत केला आणि सांगितलं, ते पान काढ.

मी आठवडाभर काढलं नाही. मला त्या शोधणाऱ्याचा संताप आला होता. हा कुठच्या घरात वाढला? कोणी दिलेलं गुपचूप घ्यायचं, परत काही द्यायचं नाही, आणि याला म्हणे हा सचोटी म्हणतो. पण खोल्या रिकाम्या होत्या. मी एकटीसाठी भात टाकत होते आणि तोही उरत होता. दिवाळी गेली. मे महिना काही लांब नव्हता. पान काढलं तर माणसांशी वागणं बिघडणार, नाही काढलं तर घराला कुलूप. ज्या माणसांसाठी मी इथे राहू पाहत होते त्यांचीच नावं पुसल्याशिवाय मला इथे राहता येणार नव्हतं.

शेवटी आरोंद्याला फोन लावला. आधी तब्येत, मग पाऊस, मग तिच्या सुनेचं. मग हळूच म्हटलं, "रागाव नको हां. तुझा नाव माझ्या वेबसाइटवरना काढूचा लागता."

"कसला नाव?"

"लिंक गो. तू माझी लावलंस म्हणान मियां तुझी लावलंय."

"माका काय ठावक नाय बाय," सगळं मुलावर ढकलत ती म्हणाली. "ता आमचो झील बघता. मियां कधी उघडून पण बगूक नाय." आणि ती इतकी हसली की मलाही हसू आलं. मग गंभीर होऊन म्हणाली, "काढ गो, काय व्हया ता काढ. तू घर सोडून जाव नको, इतकाच माका व्हया."

मी पान काढलं. काजूवाल्या बाईंनाही फोन केला. त्याही म्हणाल्या, काढा. ज्योतिष्याने मात्र तोंड वाकडं केलं, आणि दोन बुधवार तो जेवायला आला नाही. म्हणजे पानाबद्दल वाईट वाटलेला एक तरी माणूस निघाला, याचं मला मनातून बरंच वाटलं.

मग लेक म्हणाली, तुला जे येतं ते लिही, म्हणजे लोक आपणहून लिंक देतील. मला काय येतं? पावसाळ्यात होड्या वर ओढल्या आणि मासे बंद झाले की आमच्याकडे काय शिजतं, ते मी लिहिलं. सुकटीची किसमूर, टाकळ्याची भाजी, फणसाच्या आठळ्या, कुळथाची पिठी. बांगडा खाणारा माणूस सलग तीन दिवस पिठी वाढली तर बायकोशी कसा बोलतो, तेही लिहिलं. हे कोण वाचणार असं मला वाटलं. पण मुंबईच्या एका बाईंनी वाचलं. त्या स्वयंपाकावर लिहितात आणि त्यांचं पुष्कळ लोक वाचतात. त्यांनी आपणहून माझी लिंक दिली. पुढे एका कॉलेजच्या पानावरही ती लागली, कशी ते देव जाणे.

बाईंची लिंक पाहिली आणि माझा हात शिवशिवला. त्यांची लिंक लावायची नाही, एवढं मी शिकले होते. म्हणून मी त्यांना बरणीभर कोकमाचं आगळ आणि सोलं पाठवली. हे लेकीला कळलं तेव्हा तिने पुन्हा कपाळावर हात मारला. वस्तू देऊन लिंक घेणं हेही नियमात बसत नाही म्हणे.

"घेवक खंय? घेतल्यावर धाडलंय!"

"परत धाडू नको," ती एवढंच म्हणाली.

फेब्रुवारीत नागपूरचं एक जोडपं आलं. मग ठाण्याची माणसं, मग कोल्हापूरच्या शिक्षिका. सगळ्यांच्या फोनमध्ये आम्ही पहिल्या पानावर होतो, म्हणजे अनोळखी फोनमध्येही. का ते मला नीट सांगता येणार नाही. बाईंमुळे, कॉलेजमुळे, की ‘आमची माणसं’ पुसल्यामुळे? लेक म्हणते तिन्हींमुळे. ती म्हणते तेव्हा तिलाही नक्की माहीत नसावं असा मला संशय येतो. पण भात उरेनासा झाला. मी फोन उचलून सफाईने बोलायला शिकले : या की, खोली मिळेल, मासे खाता ना, कुणाच्या नावावर घालू. एप्रिल संपला तेव्हा दोन्ही खोल्या पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत लागल्या होत्या. कुलपाचं नाव आता कोणी काढत नव्हतं. मी जिंकले होते.

मे महिन्यातल्या एका बुधवारी, मी ताटं वाढत असताना, लेकीचा फोन आला. "आई, अचानक सुट्टी गावली. शनिवारी येतंय."

"शनिवारी?" मी म्हटलं. "शनिवारी दोनय खोल्यो भरल्यो आसत गो."

"माझी पण?"

"तुझी पण."

मी घाईघाईने म्हटलं, तू ये, आपण दोघी माजघरात चटई टाकून झोपू, काय बिघडतंय. नको, ती म्हणाली, पाहुणे असताना तुझी धावपळ होते, मी आणखी कुठे. तिच्या आवाजात राग होता का, ते मी शोधत होते. राग नव्हता. मग एकदम शुद्ध मराठीत, पाहुणे बोलतात तशी, ती म्हणाली, "ठीक आहे. मग जूनमध्ये एक खोली मिळेल का? एकाच माणसासाठी."

ती थट्टा करत होती की खरंच विचारत होती, मला कळेना. बाहेर ओटीवर माणसं भाताची वाट बघत होती. माझ्या एका हातात वाढायचा डाव होता.

"मिळेल की," मी म्हटलं. "कुणाच्या नावावर घालू?"