मीठ सुटलं, मिठाचं पाणी सुटेना

"यांचं ब्लडप्रेशर फार वाढलंय. अशात मी गाडी चालवायचा दाखला देणार नाही," सांगलीचे डॉक्टर म्हणाले, आणि आमच्या मालकांचं तोंड एवढंसं झालं.

मालक नुकतेच फौजेतून पेन्शनीवर आलेले. सांगलीकडच्या साखर कारखान्यात जीपवर ड्रायव्हर म्हणून निवड झाली होती, अडलं होतं ते या दाखल्यावर. दुखत-खुपत काही नव्हतं, कधीमधी डोकं जड व्हायचं एवढंच. "मला काय धाड भरलीया?" हे मी आमच्या कोरेगावपासून आगगाडीत ऐकत आले होते.

डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासली, गोळी दिली आणि समजावलं. मिठात सोडियम असतं. ते अंगात पाणी धरून ठेवतं, मग रक्तवाहिन्यांवर दाब येतो. वर्षानुवर्षं दाब राहिला की वाहिन्या कडक होतात. पोटॅशियमचं उलटं. ते जादा सोडियम लघवीवाटे काढायला मदत करतं, वाहिन्या सैल ठेवतं. केळी, पालेभाज्या, कडधान्यं यांत ते भरपूर. "किडनी चांगली आहे म्हणून खा म्हणतोय," असंही बजावलं. बायांनो, घरात कुणाची किडनी बिघडलेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही वाढवू नका.

घरी आल्याआल्या लोणचं-पापड माळ्यावर टाकले. आमच्या रानातल्या घेवड्याची लसूण-जिऱ्याची आमटी केली, मीठ नावाला. पहिल्या घासाला मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला! "ह्यापरीस फौजेतल्या लंगरचं जेवान बरं हुतं," म्हणाले, पण हुकूम म्हणजे हुकूम. ताट चाटूनपुसून खाल्लं.

महिन्यानं पुन्हा सांगली गाठली. बाकावर मालक छाती काढून बसलेले. प्रेशर बघावं तर जवळजवळ तेवढंच! ऊस गाळपाचा हंगाम तोंडावर आलेला, कारखाना जागा किती दिवस राखणार?

"मीठ खरंच कमी केलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय की! बायकोला इचारा."

"दिवसभरात काय खाता-पिता, सगळं सांगा."

मालकांनी चहा सांगितला, भाकरी सांगितली. "आन् रानात नमक-पानी. सकाळी तांब्याभर, दुपारी तांब्याभर."

मी कपाळावर हात मारला. अगं बाई! ते पाणी रोज मीच कालवून देत होते. आम्ही ते जेवणात धरतच नव्हतो, आमच्या लेखी ते औषध!

"आवं, त्यात मीठच हाय की!"

मालक खाली बघून बोलले. राजस्थानच्या वाळूत फौजेतला त्यांचा जोडीदार उन्हानं शेजारीच कोसळला, तो उठलाच नाही. "तवापास्नं पितोय. ते पानी सोडलं की मरन, असंच वाटतं." इतक्या वर्षांच्या संसारात हे मला ठाऊक नव्हतं. मला रडूच आलं.

डॉक्टर हसले नाहीत की रागावले नाहीत. "तिथल्या घामात त्याची गरज होती. इथं तेच वाहिन्यांवर घाला घालतंय. साधं पाणी पिऊन बघा."

पहिल्या दिवशी मालक बांधावर बसूनच राहिले, आता चक्कर येणार म्हणून. मी खुरपं टाकून शेजारी बसले. ऊन चढलं, उतरलं, काही झालं नाही. पुढं अळणी आमटीही हळूहळू गोड लागायला लागली.

पुढच्या खेपेला प्रेशर उतरलेलं निघालं, दाखला मिळाला. रागावण्याऐवजी दिवसभराचं विचारणाऱ्या त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

कारखान्याची जीप घेऊन कामावर निघाले तेव्हा मी मुद्दाम चिडवलं, "बाटलीत चिमूटभर टाकू का?"

"नगं," मालक म्हणाले. "जित्ता परत येतो की गं. काळजी करू नगंस."

आणि जीपला किल्ली मारली.