साडूंची साक्ष

जगातल्या प्रत्येक माणसाच्या खिशात आपली एखादी वस्तू आहे, अशी आमच्या साडूंची खात्री होती, आणि त्या प्रत्येकात मीही आलोच. पिंपरीत तेव्हा कारखाने नुकते येऊ लागले होते. पुनावळ्याचे हे गृहस्थ त्यांतल्या एकात लागले ते एका जुन्या सायकलच्या जोरावर. सायकल गेली की नोकरी गेली. म्हणून घरी ती खाटेच्या पायाला साखळीने बांधलेली असे, आणि बाहेर कुठेही गेले की साडू तिची सीट काढून काखेत मारत. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने एकदा "हे बाजूला ठेवू का?" असं विचारलं, तर जिलबी येईपर्यंत ते त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत होते. सुई हरवली तरी अख्ख्या घराला बेलभंडारा उचलावा लागे. भंडाऱ्याची पुडी कायम कोटाच्या आतल्या खिशात. तळहातावर भंडारा घेऊन खंडोबाची आण घेतली की सुटका. माझ्या बायकोचा, म्हणजे त्यांच्या सख्ख्या मेहुणीचा हातही मी पिवळा झालेला पाहिला आहे. खोटा भंडारा उचलणाऱ्याला देव वर्षाच्या आत मोडून ठेवतो, यावर त्यांचा विश्वास होता. एरवी त्यांचा कशावरच विश्वास नव्हता.

एका रविवारी दुपारी कारखान्याच्या कँटीनमध्ये खिडक्यांना घोंगड्या लावून परदेशी सिनेमा दाखवला; साडूंबरोबर मीही गेलो होतो. भाषा कुणालाच कळेना, म्हणून एक साहेब पडद्याशेजारी उभे राहून मराठीत सांगत होते. एका गरिबाला मोठ्या मिनतवारीने काम मिळतं, त्याला सायकल लागते, आणि तीच चोरीला जाते. साडू मांडीवर सीट घेऊन ताठ बसले. पडद्यावर जो येईल तो त्यांना चोर वाटे. "त्याच्या बायकूला इचारा," असंही त्यांनी साहेबांना सुचवून पाहिलं. शोधून दमलेला तो माणूस अखेर स्वतःच दुसऱ्याची सायकल उचलतो आणि चारचौघांत थपडा खातो. सायकलचा मालक मात्र त्याला जाऊ देतो. दिवे लागले तेव्हा माझे डोळे ओले होते, आणि साडू साहेबांना गाठून, त्या मालकाने चोर का सोडला, याचा जाब विचारत होते.

बाहेर आलो तर साडूंची सायकल जागेवर नाही. फाटकाशी गर्दी. परभणीकडचा एक माणूस कामाच्या आशेने तिथे रोज बसून असे. सगळे सिनेमात गुंतलेले पाहून तो सायकल घेऊन निघाला, पण बिनसीटच्या सायकलवर उभ्याने पायडल मारताना पहारेकऱ्याने ओळखलाच. जमादार आला. म्हणाला, तक्रार द्या, आत टाकतो याला. आता या माणसाचं काही खरं नाही, असं मला वाटलं. तो मान खाली घालून, हँडल घट्ट धरून उभा होता. साडू कितीतरी वेळ त्या हातांकडे बघत राहिले.

"चोरी न्हाई," ते म्हणाले. "मीच दिली व्हती त्याला."

लोक हसायला लागले. सख्ख्या साडूला कधी हात लावू न दिलेली सायकल, आणि तीही सीट न देता! गर्दीतले बहुतेक जण कधी ना कधी साडूंच्या संशयाने पिवळे झालेले, त्यांतलाच एक म्हणाला, "मग उचला भंडारा, भाऊ." साडूंचा चेहरा उतरला. मी पुढे होऊन विषय बदलू पाहिला, पण त्यांनी मला हाताने मागे सारलं, पुडी सोडली आणि तळहातावर भंडारा ओतला.

"खंडोबाची आण. मीच दिली."

जमादाराने त्या माणसाला सोडलं.

घरी निघालो तेव्हा साडू सीट बसवूनही सायकलवर बसेनात. पडलो तर देवानेच पाडलं असं वाटेल, म्हणाले, आणि पुनावळ्यापर्यंत ती हाताने ढकलत नेली. ते वर्ष त्यांनी जीव मुठीत धरून काढलं, आणि ते सरायच्या आत जेजुरीला जाऊन आले. आता ते नाहीत, आणि मला त्यांची फार आठवण येते. जेजुरीहून आल्यावर मी भीतभीत विचारलं होतं, देव काय म्हणाला.

"देवासंगं कुत्रं असतं, पाव्हणं," ते हळूच म्हणाले. "चोराला, लबाडाला बरूबर वळखतं. मी लई वेळ हुबा ऱ्हायलो त्याच्या म्होरं. न्हाई भुकलं."