पांढऱ्या टेबलक्लॉथवरचं पाणी

आमच्या घरात शेवयांचा उपमा विणायच्या सुयांनी खाल्ला गेला, तो नव्वदच्या दशकातला एकच आठवडा. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं जमिनीवर मांडी घालून बसलोय, हातात आईच्या लोकरीच्या सुया, आणि ताई मास्तरणीसारखी फिरतेय. "अंगठ्यात धर रे. भाला नाहीये तो!"

कारण असं की ताईने स्वतःच लग्न जमवलं होतं. मुलगा तिच्या ऑफिसातला, ठाण्याचा. त्याच्या वडिलांचा वागळे इस्टेटमध्ये छोटा कारखाना, आणि आमचे बाबा तिथल्याच दुसऱ्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. पहिली भेट घरी पोह्यांवर न ठेवता मुलाच्या आईने ठाण्यातल्या नव्या एसी हॉटेलात ठेवली. चायनीज, थाई आणि त्यावर आपला मसाला, असं तिथलं जेवण, आणि तेही म्हणे काड्यांनी खायचं. आमचं चायनीज म्हणजे स्टेशनजवळची लाल गाडी आणि वर्तमानपत्रावर तेल सांडत खाल्लेली भजी.

सुयांचं सगळ्यांना कमीजास्त जमलं. खरी अडचण बाबांची होती. बाबा जेवायला बसले की ताटाभोवती पाणी फिरवायचे, उजवीकडे चार शितं ठेवायचे, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे आणि मगच पहिला घास घ्यायचे. कारखान्यातला डबासुद्धा त्यांनी तसाच खाल्ला. त्याशिवाय घास उतरायचाच नाही.

"बाबा, एकच दिवस," ताई म्हणाली. "तिथे पाणी नका ना फिरवू. त्या लोकांना वाटेल, कुठून उठून आलेत."

"बरं," बाबा म्हणाले.

"उपाशी उठतील गं ते," आई म्हणाली. पण त्या आठवड्यात आईचं ऐकायला कोणाला वेळ होता?

हॉटेलात थंडी इतकी, की आईने पदर कानावरून घेतला. लाल कंदील, भिंतीवर ड्रॅगन, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ. मी सरावाच्या जोरावर काड्या उचलल्या आणि पहिलंच बेबीकॉर्न थेट मुलाच्या वडिलांच्या सूपमध्ये टाकलं. ते बिचारे म्हणाले, "असू दे, माझ्या सूपमध्ये कमीच होते."

बाबांनी सूप घेतलं नाही. तळलेलं काही आलं, तेही घेतलं नाही. भात आणि नारळाच्या दुधातली हिरवी करी आली, ती वाढूनही घेतली, पण हात मांडीवरच. एरवी दोनदा भात मागणारा माणूस, समोरच्या वाफेकडे बघत नुसता बसून होता.

मुलाच्या आईच्या ते लक्षात आलं. "अहो, घ्या ना! काट्याची सवय नसेल का? हाताने घ्या हवं तर, आम्ही तिकडे बघू." त्या हसल्या. मग ताईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हिला मात्र आम्ही सगळं शिकवून घेऊ हं."

बाबाही हसले, आणि ते हसणंच वाईट होतं. ताईने काटा खाली ठेवला, पाण्याचा ग्लास बाबांपुढे सरकवला.

"बाबा, पाणी फिरवा."

"अगं, राहू दे. भूक नाहीये मला."

"फिरवा म्हणते ना!"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने हळूच मान हलवली. मग बाबांनी तळहातावर पाणी घेतलं आणि त्या पांढऱ्या कापडावर, त्या बोन चायनाच्या प्लेटभोवती, व्यवस्थित गोल फिरवलं. उजवीकडे चार शितं, हिरव्या करीसकट. वेटर नॅपकिन घेऊन धावत आला. "सर, पानी गिर गया?"

"गिरा नहीं," ताई म्हणाली, "गिराया है."

आणि तिने स्वतःच्या प्लेटभोवतीही पाणी फिरवलं.

"अगं, बायका नाही फिरवत!" आई पुटपुटली.

"आजपासून फिरवतात."

ताईने भातात बोटं घातली. करी पातळ, मनगटावरून ओघळ गेला. तो तिने पुसला नाही. मुलाच्या आईकडे बघून म्हणाली, "काकू, मला शिकवून घेऊ नका. मला जेवता येतं. माझ्या बाबांनी शिकवलंय. हे चालत असेल तरच पुढचं बोलू."

मला वाटलं, लग्न मोडलं, आणि तेही आइस्क्रीम यायच्या आत. आईने काटा नॅपकिनखाली दडवला आणि हाताने जेवायला लागली. काड्या धरून बसलेला मी एकटाच उरलो. एवढ्या मेहनतीची विद्या टाकवेना.

मग मुलगा म्हणाला, "आई, आपण घरी वरणभात कशाने खातो गं?"

"घरची गोष्ट वेगळी," त्या म्हणाल्या.

"मग हे पण घरचेच ना," असं म्हणून त्याने बाह्या वर केल्या. त्याच्या वडिलांनी तर बहुतेक वाटच पाहिली होती. त्यांचा हात मुलाच्या आधी भातात गेला. काकू मात्र शेवटपर्यंत काट्यानेच जेवल्या. एक शीत सांडू दिलं नाही.

बाबांनी भात दोनदा मागितला.

लग्न झालं. मी काड्यांनी अजून जेवू शकतो; घरात कोणी विचारत नाही, म्हणून इथे सांगितलं. बाबा आता नाहीत. ताई रोज ठाण्याच्या त्या घरात सनमायकाच्या टेबलावर पाणी फिरवते, आणि तिच्या सासूबाई, आता ऐंशीच्या पुढे, जेवण झालं की स्वतः उठून फडक्याने ते गोल पुसतात. सुनेला काय, दुसऱ्या कोणालाच पुसू देत नाहीत. इतकी वर्षं एकीने फिरवायचं, दुसरीने पुसायचं. दोघींपैकी कोणीही माघार घेतलेली नाही, आणि टेबलावरचा तो पांढुरका गोल काही जात नाही.